कर्ता, कर्म आणि लाभार्थी

मराठी गद्यात गेल्या काही दशकांत एक नवा लेखनप्रकार रूढ झाला आहे. समीक्षकांनी त्याची फारशी दखल घेतलेली नाही, कारण तो वाङ्मयाच्या दालनातून येत नाही. तो येतो संस्थांच्या अहवालांतून, वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांतून, आणि धर्मग्रामांच्या रौप्य व सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांतून. त्याचे नाव यशोगाथा.

यशोगाथेचा साचा सुज्ञ वाचकांस परिचित आहेच. आरंभी गाव उजाड असते. बायका डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, पुरुष मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. मग कोणी एक येतो. तो अधिकारी असतो, कार्यकर्ता असतो किंवा धर्मगुरू असतो. सभा भरते. प्रथम कोणी विश्वास ठेवीत नाही, मग ठेवतात. अखेरीस विहिरींना पाणी येते, आणि शेवटच्या परिच्छेदात एक बाई हात जोडून आभार मानते.

ह्या गाथांतील पुष्कळशा खऱ्या असतात. त्यांच्यामागे कोणाच्या तरी आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे खर्ची पडलेली असतात, आणि त्या श्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. येथे परीक्षण करावयाचे आहे ते त्यांच्या भाषेचे. कारण ज्या गोष्टी आपण छापतो, त्याच पुढील योजनांचा नमुना ठरतात. आणि गोष्टीतून जो माणूस गळतो तो योजनेतूनही गळण्याचा संभव असतो.

ह्या लेखनातला कळीचा शब्द म्हणजे 'लाभार्थी'. शब्द संस्कृत वळणाचा आणि निर्दोष आहे. विद्येची इच्छा धरणारा तो विद्यार्थी, तसा लाभाची इच्छा धरणारा तो लाभार्थी. परंतु विद्यार्थी हा वाक्यात काहीतरी करीत असतो: तो शिकतो, चुकतो, प्रश्न विचारतो, प्रसंगी शिक्षकांशी वादही घालतो. आपल्या अहवालांतील लाभार्थ्याला क्रियापद नसते. त्याला शेळी 'देण्यात येते', त्याची 'निवड करण्यात येते', त्याच्यात जागृती 'घडवून आणली जाते'. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर तो कर्म किंवा संप्रदान असतो, कर्ता कधीच नसतो. जुन्या स्मरणिका चाळल्या तर हेच व्याकरण छायाचित्रांतही आढळते. मध्ये उभ्या असलेल्या पाहुण्यांचे व धर्मगुरूंचे नाव खाली छापलेले असते. उरलेल्या चाळीस माणसांना मिळून एकच शब्द असतो, 'लाभार्थींसमवेत'. त्या चाळिसांत आपल्यापैकी कोणाचे आजोबा असतील, कोणाची आजी असेल. नातवाला फोटो सापडतो, पण नाव सापडत नाही.

दारिद्र्यनिवारणाच्या सामुदायिक कार्यक्रमांपैकी महाराष्ट्राने देशाला दिलेला सर्वांत मोठा कार्यक्रम ह्या व्याकरणाला अपवाद होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. तो म्हणजे रोजगार हमी योजना. त्या काळी विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे हे तिचे प्रवर्तक. १९७२-७३च्या दुष्काळात तिचे मोल अवघ्या राज्याला पटले, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली केंद्राने देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याच्यापुढे हाच नमुना होता. योजनेचे ब्रीद तीन शब्दांचे होते: मागेल त्याला काम. ह्या वाक्यातले क्रियापद पाहावे. मागणारा येथे कर्ता आहे. त्याने मागितले की पंधरा दिवसांत काम देणे शासनावर बंधनकारक, आणि न दिल्यास बेकारभत्ता. निवड कोणी करावयाची नाही. दारिद्र्याचा दाखला आणावयाचा नाही. उन्हात खडी फोडण्याची तयारी हाच दाखला. स्त्री आणि पुरुष ह्यांना कामाचा दर एकच. ज्या बाईला शेतावर पुरुषाहून कमी मजुरी घेण्याची सवय लावण्यात आली होती, तिला बरोबरीचा दर प्रथम ह्या खडीच्या कामावर भेटला.

ह्या योजनेचा पैसा कोठून आला, हेही आपल्या घरांशी निगडित आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला तो प्रामुख्याने हिच्यासाठी. नाशिकरोडच्या मुद्रणालयात किंवा ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीस असलेल्या आपल्या बांधवांच्या वेतनचिठ्ठीवर कापली जाणारी ती बारीकशी रक्कम म्हणजे शहराने खेड्याच्या हक्काला दिलेली मान्यता होती. ती भिक्षा नव्हती, म्हणूनच तिच्यासाठी कोणी हात जोडले नाहीत.

योजना निर्दोष होती असे मात्र नव्हे. खोटी हजेरीपत्रके भरली गेली, मजुरी महिनोन्महिने थकली, पहिल्या पावसात वाहून जाणारे रस्ते झाले. १९९०च्या सुमारास तिच्या छत्राखाली फळबागा आणि खाजगी विहिरी आल्या. त्या योजना उपयुक्त होत्या, परंतु बाग लावावयास जमीन लागते. ज्याच्यापाशी फक्त दोन हात होते त्याच्यासाठी जन्मलेली योजना हळूहळू ज्याच्यापाशी सातबारा होता त्याच्याकडे सरकली. 'मागेल त्याला काम' ह्या वाक्यातला 'त्याला' कोण, हे असे नकळत बदलत गेले. यशोगाथांनी बागांची छायाचित्रे छापली. कर्ता बदलल्याचे कोणी लिहिले नाही.

आता ज्या कार्याचा आपल्या धर्मप्रांताला सार्थ अभिमान आहे त्याकडे वळू. स्विस येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर ह्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात आयुष्याचा मोठा काळ वेचला. पावसाच्या पाण्याला डोंगरावरच थोपवावे, ह्या साध्या विचारातून त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, नाबार्डचे साहाय्य मिळाले, आणि १९९३ साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन झाला. काम माथ्यापासून पायथ्याकडे जाते: प्रथम डोंगरावर चर आणि झाडे, मग उतारावर बांध, शेवटी ओढ्यावर बंधारे. गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयाची आणि श्रमदान करावयाचे. श्रमदानातून भूमिहीनांना वगळण्याचा शहाणपणा कार्यक्रमाच्या नियमांतच होता.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्यातील नावाजलेले गाव. १९९६ ते २००१ ह्या काळात तेथे काम झाले. २००५च्या जागतिक संसाधन अहवालात ह्या गावावर स्वतंत्र प्रकरण आहे. पूर्वी वर्षातून तीन-चार महिने मिळणारे शेतीचे काम नऊ-दहा महिने मिळू लागले, उन्हाळ्यातला टँकर थांबला, मजुरीचा दर वाढला, असे त्यात नोंदविले आहे. ज्याला शेत नाही त्यालाही ह्या वाढलेल्या मजुरीचा आधार झाला, हे लहान यश नव्हे. यशोगाथा येथे संपली असती. परंतु हे प्रकरण प्रामाणिक आहे, म्हणून त्यात आणखी एक नोंद आढळते. चराईबंदीचा भार भूमिहीनांवर व मेंढरे राखणाऱ्यांवर अधिक पडला, आणि पाण्याचा लाभ जमीनधारकांना अधिक झाला.

ह्यात कोणा व्यक्तीचा दुष्टावा नाही. उताराचा तो स्वभावच आहे. पाणी माथ्यावर अडविले की ते जमिनीत मुरून पायथ्याच्या विहिरींत उतरते. पायथ्याची विहीर ज्याच्या मालकीची, त्याच्या उसाला किंवा कांद्याला ते मिळते. माथ्यावर विहिरी नसतात. तेथे गायरान असते, आणि गायरानावर ज्याला शेत नाही त्याच्या शेळ्या चरत असतात. म्हणजे त्याग माथ्यावर होतो आणि फळ पायथ्याशी येते. मध्ये कोणी हिशेब ठेवला नाही तर गावातला सर्वांत गरीब माणूस गावातल्या बऱ्या स्थितीतल्या माणसाला नकळत अनुदान देऊन बसतो. 'गावाने चराईबंदी स्वीकारली' हे वाक्य यशोगाथांत शेकडो वेळा आले असेल. त्यातला 'गाव' हा कर्ता फसवा आहे. बंदी ज्याला जाचणार नव्हती त्याने ती स्वीकारणे आणि ज्याची सहा शेळ्यांवर चूल पेटत होती त्याने स्वीकारणे, ही दोन निरनिराळी क्रियापदे आहेत.

ह्यावर उपाय नाही असे मानण्याचे कारण नाही. १९७२च्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे ह्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तिचे नियम मोजकेच होते. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटावयाचे नाही, घरातील माणसांवर वाटावयाचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला अधिकांत अधिक अडीच एकरांचे. ऊस लावावयाचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ज्याच्यापाशी जमीन नाही त्याला पाणी देऊन काय उपयोग, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारतो. उत्तर असे, की पाण्याचा हक्क हातात असलेला माणूस वाट्याने शेती करावयास बसतो तेव्हा रिकाम्या हाताने बसत नाही. हा प्रयोग सर्वत्र रुजला नाही; शासनाच्या कायद्यात पाणी लाभक्षेत्रातील जमिनीलाच बांधलेले राहिले. तरीही, भूमिहीन माणूस नियमाच्या वाक्यात कर्ता म्हणून बसविता येतो, हे त्या नियमांनी सिद्ध केले.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील उदाहरण ओझरचे आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे कालव्याचे पाणी टेलच्या, म्हणजे अखेरच्या टोकाच्या, शेतकऱ्यांपर्यंत पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे ह्यांनी १९९०-९१च्या सुमारास त्या शेतकऱ्यांना एकत्र करून महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर ह्या तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यावयाचे, सभासदांत आपणच वाटावयाचे, पट्टी आपणच गोळा करावयाची, आणि पीक कोणते घ्यावयाचे ते शेतकऱ्याने ठरवावयाचे. पुढे हा नमुना संपूर्ण वाघाड प्रकल्पावर पसरला, आणि २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला त्यामागे ओझरचा अनुभव होता. येथे शेतकरी कोणाचा लाभार्थी नव्हता. तो मोजत होता, भांडत होता, भरत होता. पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ सालच्या विश्वपत्रात जे तत्त्व मांडले, की जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, त्याचे इतके नेटके उदाहरण आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळले.

मात्र ओझरच्या गोष्टीलाही एक पुढचे पान आहे. पाणी आले तशी द्राक्षे आली. दिंडोरी आणि निफाडच्या मळ्यांत ऑक्टोबर छाटणीपासून खुडणीपर्यंत, विरळणीला आणि डिपिंगला, हात लागतात. ते हात पुष्कळदा सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबांचे असतात. टोळ्या येतात, मळ्याच्या कडेला पाल ठोकून राहतात, हंगाम संपला की जातात. ह्या मजुरीने त्यांच्या घरी धान्य जाते, हे खरे. परंतु पाणीवापर संस्थेचे सभासद ते नाहीत, कारण सभासदत्व जमिनीला आहे. टेलच्या शेतकऱ्याला न्याय देणाऱ्या गोष्टीत टेलच्याही पलीकडचा माणूस अजून यावयाचा आहे. नाशिकच्या द्राक्षवैभवाच्या ज्या गाथा आज लिहिल्या जातात त्यांत निर्यातीचे कंटेनर असतात, बागायतदाराची जिद्द असते. पालातले बिऱ्हाड चित्राच्या चौकटीबाहेर राहते.

येथे एका प्राचीन गोष्टीकडे वळणे आम्हांस अपरिहार्य वाटते, कारण तीही द्राक्षमळ्याचीच आहे आणि तिच्यातही रोजंदारीचे मजूर आहेत. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील हा दृष्टांत आपण मिस्साप्रसंगी अनेकदा ऐकला आहे आणि देवाच्या कृपेचा दृष्टांत म्हणून त्यावर प्रवचनेही ऐकली आहेत. तो अर्थ खराच आहे. परंतु कथा म्हणून तिची रचना पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ह्या कथेत मजूर बोलतात. दिवस कलताना बाजारात उभे असलेल्यांना धनी विचारतो, तेव्हा आपल्याला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. आणि धनी त्यांना आळशी न ठरविता ते उत्तर मान्य करून कामाला पाठवितो. संध्याकाळी सर्वांना सारखी मजुरी मिळते, तेव्हा पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात. ती कुरकुरही कथेत आहे. धन्याच्या औदार्याची कथा सांगताना शुभवर्तमानकाराने तक्रार गाळलेली नाही. आभार मानणारे मजूर मात्र ह्या कथेत एकही नाहीत! आपल्या यशोगाथाकारांच्या हाती ही कथा पडली असती तर कुरकुर वगळली गेली असती आणि शेवटी अकराव्या तासाच्या मजुराने हात जोडले असते.

आणखी एक. मजुरी सारखी का? कारण ती रक्कम म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. उशिरा काम मिळालेल्याच्या घरी भूक उशिरा लागत नाही. 'मागेल त्याला काम' ह्या ब्रीदाच्या मुळाशी हीच जाणीव होती.

तक्रार राखून ठेवणारे लेखन कसे असते ह्याचा मराठीतला एक दाखला ओझरशीच जोडलेला आहे. १९९३ साली डॉ. नरेंद्र जाधव ह्यांचे 'आमचा बाप आन् आम्ही' प्रसिद्ध झाले. दामोदर जाधव मूळचे ओझरचे. येसकरकीच्या कामात झालेला अपमान असह्य होऊन त्यांनी गाव सोडले, मुंबई गाठली, पडेल ते काम केले, बंदरात नोकरी केली आणि मुलांना शिकविले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी ह्या पुस्तकाचा पाया आहेत. एका कुटुंबाचा दारिद्र्यातून वर येण्याचा हा प्रवास आहे. पण त्याला यशोगाथा म्हणवत नाही. त्यात राग आहे, विनोद आहे, बापाची अढी आहे, आईची बोलणी आहेत. तेथे बाप हा पहिल्या पानापासून कर्ता आहे. त्याला ज्यांचा आधार मिळाला त्या चळवळीचे ऋण पुस्तकात मानले आहे, आणि तरीही त्या आधाराने बापाची जागा घेतलेली नाही. ऋण मानणे आणि लाभार्थी होणे ह्यांत हाच भेद आहे.

कोणी म्हणेल, संस्थांना निधी लागतो, निधी देणाऱ्यास यश दाखवावे लागते, आणि तक्रारीसह छापलेला अहवाल कोण वाचणार? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु दरेवाडीचे प्रकरण जगभर वाचले गेले ते मेंढपाळांची अडचण त्यात असूनच. त्या नोंदीने यश उणे झाले नाही, विश्वसनीय झाले. पुढील गावी काम करणाऱ्याला त्या एका नोंदीचा जितका उपयोग होतो तितका दहा आभारप्रदर्शनांचा होत नाही. चराई बंद करण्यापूर्वी चाऱ्याची सोय कोठे आणि कोणासाठी करावयाची, हे त्याला आधीच कळते.

म्हणून कोणतीही यशोगाथा हाती आली की वाचकांनी तिला चार प्रश्न विचारावेत, असे आम्ही सुचवितो. निर्णय कोणी घेतला, आणि त्या बैठकीत भूमिहीन व स्त्रिया होत्या काय? ह्या यशासाठी कोणाला काही सोडावे लागले, आणि त्याची भरपाई झाली काय? गरीब माणूस ह्या लेखनात आभारांखेरीज आणखी काही बोलतो काय? आणि बाहेरून आलेला मनुष्य निघून गेल्यावर काम चालू राहिले काय? ज्या गाथेला ह्यांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील ती चांगली म्हणावी. चारही देणारी विरळाच.

आपल्या अनेक धर्मग्रामांत महोत्सवाची तयारी सुरू असते, स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा होतात. कोणे एके काळी दुष्काळात मिशनच्या आवारात कामाच्या बदल्यात धान्य मिळाले, बांध घातले गेले, विहीर खोदली गेली, बोर्डिंगमध्ये मुले शिकली. त्या छायाचित्रांतील काही माणसे अद्याप हयात आहेत, आणि उरलेल्यांना ओळखणारे कोणीतरी प्रत्येक वाडीत आहे. संपादक मंडळाने फोटो घेऊन त्यांच्या दारी जावे. डावीकडून उजवीकडे नावे लिहून घ्यावीत, आडनावासकट. ती विहीर कोणी खोदली, मजुरी किती मिळाली, कोणाला मिळाली नाही, हे विचारावे, आणि कुरकुर ऐकू आली तर तीही छापावी.